डीएनएस क्वेरीत स्वतःचा ऑप्शन घातला, सर्व्हरला भलतंच काहीतरी मिळतंय (जावा)

पावशेर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं फोडून झालं, आता इथे आलोय. कोड आणि कमांडी देवनागरीतच लिहितोय, नियम आहे. उच्चारावरून ओळखा.

काम असं आहे. आमची पाच जणांची छोटी कंपनी, पुण्यात. वसतिगृहं, अभ्यासिका, लहान ऑफिसं यांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सोय) गाळून देतो. जुगार वगैरेंच्या साइटचं नाव विचारलं की आमचा सर्व्हर खरा पत्ता देत नाही. प्रत्येक जागेची बंदीची यादी वेगळी. विचारणारा कोण हे आयपीवरून ओळखावं, तर बहुतेक जागी आयपी रोज बदलतो, शिवाय एकाच आयपीमागे अर्धं गाव असतं. म्हणून ठरवलं की दर जागी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवायचा, त्यावर आमचा जावा प्रोग्राम चालवायचा, आणि तो प्रत्येक क्वेरीला त्या जागेचा आठ अक्षरी कोड चिकटवेल. ईडीएनएसमध्ये (डीएनएसचा विस्तार, क्वेरीला जादा माहितीचे ऑप्शन जोडता येतात) ६५००१ ते ६५५३४ हे ऑप्शन क्रमांक स्थानिक वापराला मोकळे सोडलेत. आम्ही पहिलाच उचलला, ६५००१.

लायब्ररी डीएनएसजावा, तिसरी मालिका. सिंपलरिझॉल्व्हर (क्वेरी पाठवणारा क्लास) बनवला, त्याला आमच्या सर्व्हरचा पत्ता दिला. सेटईडीएनएसला व्हर्जन शून्य, पेलोड (यूडीपी निरोपाचा कमाल आकार, बाइटांत) १२३२, फ्लॅग शून्य आणि जेनेरिकईडीएनएसऑप्शनची यादी दिली. मग लुकअप बनवून रन. उत्तर येतं, पण नेहमी सरसकट यादीचंच. जागेचा कोड बदलला तरी तेच. सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑप्शनचा पत्ताच नाही.

सर्व्हर आमचाच, सी मध्ये लिहिलेला. तो बरोबर चालतो असं आमचा सर्व्हरवाला म्हणतो. सगळेच सर्व्हरवाले म्हणतात.

भाकरवडी | सोमवार, रात्री ९:५२

ऑप्शन वाचून मला वाटलं शेअर बाजाराचा धागा आहे. खुर्ची ओढून बसलो होतो.

तिसरीघंटा | सोमवार, रात्री १०:०५

लुकअपला तो रिझॉल्व्हर दिलाय का? तुमच्या वर्णनात सेटरिझॉल्व्हर कुठे दिसलं नाही. नुसतं न्यू लुकअप केलं की तो स्वतःचा डिफॉल्ट रिझॉल्व्हर वापरतो, म्हणजे मशिनच्या सेटिंगमधून उचललेला. तुम्ही प्रेमाने सजवलेला सिंपलरिझॉल्व्हर बाजूला तसाच बसून राहतो.

मी याच खड्ड्यात पडले होते, म्हणून लगेच वास आला.

पावशेर | सोमवार, रात्री १०:३१

अरे देवा. नव्हता दिला. ऑफिसात डीएचसीपीच (यंत्रांना नेटवर्कच्या सेटिंग देणारी सोय) सगळ्यांना आमच्या सर्व्हरचा पत्ता वाटतो, त्यामुळे उत्तर आमच्याकडूनच येत होतं आणि मला शंकाच आली नाही. दिला आता. लॉगमध्ये ६५००१ दिसला!

पण एक गंमत. कोड बदलून त्याच प्रोग्रामात दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर पहिलंच. सर्व्हरच्या लॉगमध्ये दुसरी क्वेरी येतच नाही.

तिसरीघंटा | सोमवार, रात्री १०:४४

कॅश, म्हणजे आधीच्या उत्तरांचा साठा. लुकअपची कॅश त्या क्लाससाठी एकच, सगळ्यांत वाटून घेतलेली. तिची किल्ली म्हणजे नाव आणि रेकॉर्डचा प्रकार. तुमचा ऑप्शन तिच्या खिजगणतीतही नाही. सेटकॅशला नल दिलंत तर त्या लुकअपला रिकामी तात्पुरती कॅश मिळते.

पण खरं सांगू का, ऑप्शनांचं काम असेल तर लुकअप सोडाच. रेकॉर्ड बनवा, मेसेज डॉट न्यूक्वेरी करा आणि रिझॉल्व्हरच्या सेंडला थेट द्या. परत येतो तो अख्खा मेसेज असतो, त्यावर गेटओपीटी करून सर्व्हरने ऑप्शनमध्ये काय उत्तर दिलं तेही वाचता येतं. लुकअप ते गिळून टाकतो, हातात फक्त रेकॉर्डं ठेवतो. एकच लक्षात ठेवा: नावाच्या शेवटी टिंब द्या. टिंब नसेल तर ते नाव अर्धवट धरलं जातं आणि रिलेटिव्हनेमएक्सेप्शन तोंडावर येतं.

यूनिक्सआजोबा | मंगळवार, सकाळी ६:१५

मुलांनो, जावाची स्वतःची सोय असताना बाहेरची लायब्ररी कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

इनेटअ‍ॅड्रेस काही स्वतः डीएनएस बोलत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. तिथे ऑप्शन घालायला जागाच नाही. जुन्या जावात सन डॉट नेट डॉट एसपीआय डॉट नेमसर्व्हिस नावाची मागची खिडकी होती, ती जावा ९ मध्ये बंद झाली. जावा १८ मध्ये इनेटअ‍ॅड्रेसरिझॉल्व्हरप्रोव्हायडर म्हणून राजरोस दार उघडलं, पण त्याच्यामागे डीएनएस बोलणारं कोणीतरी तुम्हालाच बसवावं लागतं. दुसरा जेएनडीआयचा (जावाची नावं शोधायची सोय) डीएनएस प्रोव्हायडर. त्याला सर्व्हर सांगता येतो, पहिला टाइमआउट सांगता येतो (मुळात १ सेकंद), किती वेळा पुन्हा विचारायचं तेही (मुळात ४). पण ईडीएनएस त्याच्या गावीही नाही.

आता ओपीटी रेकॉर्डबद्दल, कारण पुढे ते लागणार असं दिसतंय. मूळ डीएनएसमध्ये यूडीपीवरच्या (पॅकेट धाडायची साधी पद्धत) निरोपाला ५१२ बाइटांची मर्यादा होती आणि हेडरात नव्या गोष्टींना जागा उरली नव्हती. १९९९ साली आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) २६७१ ने वाट काढली. त्याची सुधारित आवृत्ती २०१३ ची, आरएफसी ६८९१. युक्ती अशी की एक खोटं रेकॉर्ड घ्यायचं, प्रकार ४१, नाव ओपीटी, आणि त्याच्या जुन्या रकान्यांत नवे भाडेकरू ठेवायचे. क्लासच्या रकान्यात पेलोडचा आकार. टीटीएलच्या (उत्तर किती वेळ साठवायचं तो रकाना) ३२ बिटांत वाढीव उत्तर-कोड, व्हर्जन आणि फ्लॅग. उरलेल्या जागेत ऑप्शन एकामागून एक: २ बाइट क्रमांक, २ बाइट लांबी, मग मजकूर. एवढंच. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार कसा मांडतात तसं.

पावशेर | मंगळवार, दुपारी १:२०

आजोबा, चाळीचं उदाहरण भिंतीवर लिहून ठेवतो.

सेंडवर आलो. ऑप्शन जातो, लांबीही दिसते, पण सर्व्हर म्हणतो "अनोळखी जागा", आणि पुन्हा सरसकट यादी. कोड टेबलमध्ये आहे, तीनदा बघितला.

आणखी एक. मध्ये सर्व्हर बंद होता तेव्हा प्रोग्राम असा गोठला की शेवटी मारावा लागला. टाइमआउट तर मी ५००० दिलाय.

तिसरीघंटा | मंगळवार, दुपारी १:३३

५००० काय? सेटटाइमआउटला नुसता आकडा दिला तर तो सेकंदांत मोजतात. तुम्ही १ तास २३ मिनिटं २० सेकंद थांबायला सांगितलंय, बिचारा थांबतोय. ड्युरेशन घेणारी पद्धत वापरा, मग असा घोळ होत नाही.

कोडचे बाइट कसे बनवता? गेटबाइट्सला चारसेट (अक्षरांचे बाइट कसे करायचे ते) देताय ना? जावा १८ च्या आधी न दिलेला चारसेट मशिनवर ठरायचा. तुमचा कोड साधा इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा असेल तर सरळ यूएस-अस्की द्या.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:०८

अंदाज पुरे झाले, तारेवर बघा. पायवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा: उणे एन, उणे व्ही व्ही, उणे कॅपिटल एक्स, पोर्ट ५३. एक क्वेरी मारा आणि शेवटचे वीस-पंचवीस बाइट इथे टाका. प्रोग्रामला काय वाटतं ते ऐकून घ्यायचं नाही, काय गेलं ते बघायचं.

पावशेर | बुधवार, सकाळी १०:१२

चारसेट दिला, टाइमआउट सुधारला. "अनोळखी जागा" कायम. हे घ्या शेवटचे बाइट, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरचे आकडे). जागेचा कोड "केओपी०००१७", रोमन अक्षरांत अर्थात:

एफडी ई९ ०० ०सी एफडी ई९ ०० ०८ ४बी ४एफ ५० ३० ३० ३० ३१ ३७

हॅम्बुर्गकर | बुधवार, सकाळी १०:४०

एफडी ई९ म्हणजे ६५००१. तो दोनदा आलाय, बघितलंत का?

पहिली जोडी लायब्ररीने लिहिली: क्रमांक ६५००१, लांबी ०सी म्हणजे १२. त्यानंतर जो मजकूर सुरू होतो त्यात पुन्हा क्रमांक आणि लांबी ८. ही दुसरी जोडी तुम्ही स्वतः बनवून बाइट अ‍ॅरेत भरलीय. जेनेरिकईडीएनएसऑप्शनला क्रमांक वेगळा देता ना? मग अ‍ॅरेत निव्वळ मजकूर द्यायचा, पाकीट तो घालतो. तुमच्याकडे पाकिटात पाकीट झालंय. तुमचा सर्व्हर मजकुराचे पहिले आठ बाइट उचलत असेल तर त्याला एफडी ई९ ०० ०८ आणि पुढे "केओपी०" मिळतं. अशी जागा टेबलात कशी असेल?

पावशेर | बुधवार, सकाळी ११:०५

बरोब्बर तेच! आधी मी सॉकेट उघडून हाताने पॅकेट बनवत होतो, तेव्हाची मेथड तशीच कॉपी केली होती. ते चार बाइट काढले, ऑफिसातून चकाचक चाललं. कोड बदलला की यादी बदलते. हॅम्बुर्गकर, पुण्यात आलात की मिसळ माझ्याकडून.

संध्याकाळी कोल्हापूरच्या वसतिगृहातल्या पायवर चढवतो.

मृगजळ | बुधवार, दुपारी ४:५०

धागा पळवतेय, माफ करा. मला क्लायंटसबनेट ऑप्शन (विचारणाऱ्याच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग कळवणारा) घालायचाय. क्लायंटसबनेटऑप्शनला २४ आणि २०३.०.११३.५७ दिलं की इलीगलआर्ग्युमेंट येतं. पत्ता तर बरोबर आहे!

हॅम्बुर्गकर | बुधवार, संध्याकाळी ५:१५

२४ म्हणालात की शेवटचे ८ बिट शून्य हवेत. २०३.०.११३.० द्या. आरएफसी ७८७१ चा हेतूच हा की पूर्ण पत्ता पुढे जाऊ नये, आणि लायब्ररी त्याबाबतीत कडक आहे, गुपचूप कापत नाही. स्कोप क्वेरीत शून्यच ठेवायचा, तो उत्तर देणाऱ्याचा रकाना. आणि १.१.१.१ ला विचारून चाचणी करू नका, क्लाउडफ्लेअर गोपनीयतेपोटी सबनेट पुढे पाठवत नाही. गूगलच्या ८.८.८.८ वर बघा.

पावशेर | बुधवार, रात्री ११:३०

कोल्हापूर. तेच जार (जावा प्रोग्रामची फाइल), तीच जावा. सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑप्शन ६५००१ येतो, पण लांबी ६. आठ नाही, सहा! उत्तर अर्थातच सरसकट यादी. ऑफिसातून आठ, कोल्हापुरातून सहा. जावा वाटेत दोन बाइट खातंय का?

भाकरवडी | बुधवार, रात्री ११:३४

कमिशन कापलंय भावा. पंचवीस टक्के.

तिसरीघंटा | गुरुवार, सकाळी ८:२०

जावा खात नाही. पायवरची जावा आवृत्ती वेगळी आहे का? जार खरंच तेच आहे का, चेकसम (फाइल तीच आहे का ते सांगणारा आकडा) घेतलात? जुनी लायब्ररी आधी क्लासपाथवर पडलेली असेल तर?

पावशेर | गुरुवार, सकाळी ९:४५

चेकसम जुळतो. क्लासपाथवर एकच जार. पायवर टीसीपीडंप लावला: ८ बाइट जातायत, "केओपी०००१७" स्वच्छ दिसतंय. सर्व्हरवर लावला: ६ बाइट येतायत.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०:०२

झालं मग. जावा सुटली, आता तिला त्रास देऊ नका. एका टोकाला ८, दुसऱ्याला ६, म्हणजे मध्ये कोणीतरी बसलंय. ते सहा बाइट कोणते, ते टाका. पहिले तीन पुरेत, सगळे टाकू नका.

पावशेर | गुरुवार, सकाळी १०:१०

बी८ २७ ईबी

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०:१३

हा तुमच्याच पायचा मॅक अ‍ॅड्रेस आहे. मॅक म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. बी८ २७ ईबी हा रास्पबेरी पाय फाउंडेशनचा उपसर्ग, जुन्या पायांवर हाच असतो. आयपी लिंक करून ताडून बघा, पुढचे तीनही जुळतील. म्हणूनच सगळे टाकू नका म्हटलं.

तिथल्या राउटरवर डीएनएसमास्क (क्वेरी पुढे धाडणारा छोटा डीएनएस सर्व्हर) आहे, बरोबर? डीएनएसमास्कमध्ये अ‍ॅडमॅक नावाची सोय आहे. विचारणाऱ्या यंत्राचा मॅक तो पुढच्या सर्व्हरला ईडीएनएस ऑप्शनमध्ये कळवतो. आणि त्यासाठी त्याने कोणता क्रमांक निवडलाय? ६५००१. तुमच्यासारखाच, पहिला मोकळा दिसला तो. जोडीला स्ट्रिपमॅक लावलेलं असणार, म्हणजे खालून आलेला मॅक आधी काढून टाकायचा. त्याच्या दृष्टीने ६५००१ म्हणजे मॅकच. त्याने तुमचा कोड काढला आणि खरा मॅक बसवला. आपलं काम चोख केलं त्याने.

यूनिक्सआजोबा | गुरुवार, सकाळी १०:४०

वा! सार्वजनिक नळावर पहिला हंडा आपलाच समजायचा नाही, हे आमच्या आईने शिकवलं होतं.

पावशेर | गुरुवार, सकाळी ११:२५

मॅक जुळला. सहाही बाइट. मी खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसता हसत होतो.

पण मला एक कळत नाही. मी सिंपलरिझॉल्व्हरला आमच्या सर्व्हरचा आयपी दिलाय, राउटरचा नाही. पॅकेटवरही पत्ता आमच्याच सर्व्हरचा आहे. मग राउटरवरचा डीएनएसमास्क मध्ये आला कुठून?

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ११:३८

पोर्ट ५३ वर जाणारं सगळं स्वतःकडे वळवण्याचा नियम असणार. पोरं मोबाइलमध्ये दुसरा डीएनएस टाकून बंदी चुकवतात, म्हणून वसतिगृहात हे हमखास करतात.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. रिझॉल्व्हरला पत्ता द्या १९२.०.२.१. हा पट्टा आरएफसी ५७३७ ने फक्त पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलाय, तिथे कोणी राहत नाही. तिथून उत्तर आलं तर समजा मधला माणूस त्याच्या नावाने बोलतोय.

जावाही नको, डिगने (डीएनएसला हाताने विचारायची कमांड) करा. डिगमध्ये ऑप्शनही घालता येतो: प्लस ईडीएनएसऑप्ट बरोबर ६५००१, कोलन, पुढे हेक्स. नवा डिग स्वतःहून कुकीचा ऑप्शन, क्रमांक १०, घालतो. डंप वाचताना तो नडायला नको म्हणून प्लस नोकुकी द्या.

पावशेर | गुरुवार, दुपारी १२:१०

१९२.०.२.१ कडून उत्तर आलं. लगेच. भुताने ओ दिल्यासारखं वाटलं.

वसतिगृहाचं नेटवर्क बघणाऱ्या दादांना फोन केला. नियम आहे, त्यांनीच लावलाय. राउटरचा अपस्ट्रीम (तो पुढे ज्याला विचारतो तो) आमचाच सर्व्हर, पाय बसवायच्या आधीपासूनचा. अ‍ॅडमॅक आणि स्ट्रिपमॅक दोन्ही आहेत, आधीच्या कोणत्या तरी प्रयोगाची उरलेली. म्हणजे वळवलेली क्वेरी शेवटी आमच्याकडेच येत होती, म्हणून उत्तरं ठीकठाक वाटत होती.

मग सेटटीसीपी ट्रू करून, म्हणजे यूडीपीऐवजी टीसीपीने पाठवून बघितलं. आठ बाइट पोचले! नियम फक्त यूडीपीचा आहे. ठेवू का असंच?

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:२२

नका ठेवू. उद्या दादांच्या लक्षात आलं की ते टीसीपीचंही भोक बुजवतील, आणि तुम्ही पुन्हा इथे.

हॅम्बुर्गकर | गुरुवार, दुपारी १:०५

क्रमांक तर बदलाच, पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नका. ओपीटी रेकॉर्ड एका टप्प्यापुरतंच असतं, हे आरएफसी ६८९१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. प्रोग्रामकडून समोरच्या पहिल्या डीएनएस यंत्रापर्यंत, बस. ते साठवायचं नाही, पुढे ढकलायचं नाही. पुढचा टप्पा आपलं ओपीटी नव्याने बनवतो. लिनक्सवर १२७.०.०.५३ ला बसलेला सिस्टिमडी रिझॉल्व्ह हासुद्धा एक टप्पाच. सिंपलरिझॉल्व्हरला पत्ताच दिला नाही तर बऱ्याच डिस्ट्रोंवर तो तिथेच जाऊन धडकतो, आणि ऑप्शनचा प्रवास त्याच मशिनच्या आत संपतो.

एखादा मधला फॉरवर्डर अनोळखी ऑप्शन जसाच्या तसा पुढे देतही असेल. पण तो त्याचा स्वभाव झाला, तुमचा हक्क नाही. शिवाय मधल्याची कॅश आहेच. एका जागेला दिलेलं उत्तर तो दुसऱ्यालाही वाढेल, तुमचा कोड त्याच्या किल्लीत नाही.

यूनिक्सआजोबा | गुरुवार, दुपारी ४:३०

मी थोडा कडू बोलतो. ही रचनाच मला पटलेली नाही. जागेचा कोड उघड्यावर जातो, आठ साधी अक्षरं. कोणीही दुसऱ्या जागेचा कोड लिहून पाठवला तर तुमचा सर्व्हर मान डोलावणार. वसतिगृहातल्या पोरांना हे कळायला फार तर एक आठवडा. सैल यादी असलेल्या ऑफिसचा कोड मिळाला की झालं.

डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (कुलूपबंद वेबजोडणीतून डीएनएस) घ्या, २०१८ चा आरएफसी ८४८४. दर जागेला वेगळी यूआरएल, तीत लांब अनघड किल्ली. डीएनएसजावात डोहरिझॉल्व्हर आहे. पोर्ट ४४३, तिथे मध्ये बसून मॅक चिकटवणं कोणाला जमणार नाही.

पावशेर | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

आजोबा, पटलं. पण आमच्या सर्व्हरला एचटीटीपीएस शिकवायला दोन महिने लागतील असं सर्व्हरवाला म्हणतो. तोवर काय करू?

यूनिक्सआजोबा | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

तोवर कोडपुढे निदान एक सही जोडा. किल्ली, वेळ आणि क्वेरीतलं नाव मिळून एचमॅक (गुप्त किल्लीने काढलेला ठसा), त्यातले १६ बाइट पुरे. ऑप्शनची लांबी २ बाइटांत लिहितात, जागा भरपूर आहे. मात्र पेलोड १२३२ ठेवलाय तो तसाच राहू द्या. २०२० च्या फ्लॅग डेपासून (डीएनएसवाल्यांनी मिळून बदल करायचा ठरवलेला दिवस) तोच आकडा धरतात, तुकडे पडून यूडीपी वाटेत हरवू नये म्हणून.

पावशेर | शुक्रवार, रात्री १०:१५

अहवाल. क्रमांक ६५३१० केला. तारेवर एफएफ १ई दिसतो. दादांनी पायच्या पत्त्याला वळवण्याच्या नियमातून सूट दिली, बाकी यंत्रांना नियम तसाच. १९२.०.२.१ ला विचारलं की आता टाइमआउट होतो. टाइमआउट बघून इतका आनंद पहिल्यांदा झाला. कोल्हापूर सुरू. सही पुढच्या आठवड्यात.

नऊ जागांवर चढवलं. आठ ठीक. साताऱ्याची अभ्यासिका "अनोळखी जागा" देतेय. लांबी ८ आहे, मध्ये कोणी नाही, १९२ ची चाचणी पास. दोन्ही टोकांना तेच आठ बाइट:

५३ ४१ ५४ ३एफ ३एफ ३एफ ३एफ ३एफ

जार तेच. चेकसम बघितला, आधीच सांगतो.

हॅम्बुर्गकर | शुक्रवार, रात्री १०:२८

५३ ४१ ५४ म्हणजे एसएटी. ३एफ हे प्रश्नचिन्ह. पाच आकड्यांच्या जागी पाच प्रश्नचिन्हं. तुमच्या प्रोग्रामलाच प्रश्न पडलाय.

तिसरीघंटा | शुक्रवार, रात्री १०:३६

थांबा थांबा. आकडे स्ट्रिंग डॉट फॉरमॅटने बनवता का, टक्का शून्य पाच डी? आणि साताऱ्याचा पाय मराठीत आहे का?

पावशेर | शुक्रवार, रात्री १०:५५

फॉरमॅटनेच. आणि हो! अभ्यासिकेच्या काकांनी हौसेने स्क्रीन मराठी करून घेतलीय, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) एमआर आयएन. पण त्याचा काय संबंध?

तिसरीघंटा | शुक्रवार, रात्री ११:०२

फॉरमॅटला लोकेल दिलं नाही तर तो मशिनचं घेतो. जावा ९ पासून लोकेलची माहिती मुळात सीएलडीआरमधून (भाषांच्या लिहिण्याच्या रीतींचा सामायिक संग्रह) येते, आणि तिथे मराठीचे आकडे देवनागरी आहेत. हिंदीचे नाहीत हं, मराठीचे आहेत. म्हणजे साताऱ्यात तुमच्या प्रोग्रामने ००००९ हे आपण इथे लिहितो तसं देवनागरीत लिहिलं. मग माझ्याच सांगण्यावरून तुम्ही ते यूएस-अस्कीत कोंबलं. अस्कीत ही अक्षरं नाहीत, त्यामुळे दर आकड्याला एक प्रश्नचिन्ह. लांबी बरोबर आठ भरली म्हणून कोणाला शंकाही आली नाही. यूटीएफ-८ असतं तर दर आकड्याला ३ बाइट, एकूण १८ होऊन लगेच डोळ्यात भरलं असतं. माझा सल्ला नडला, घ्या.

फॉरमॅटला पहिलं लोकेल डॉट रूट द्या. तारेवर जाणाऱ्या प्रत्येक फॉरमॅटला.

भाकरवडी | शुक्रवार, रात्री ११:०६

मराठीचा अभिमान बाळगणारा पहिला पाय. त्याचा सत्कार करा रे कोणीतरी.

पावशेर | शुक्रवार, रात्री ११:४८

लोकेल डॉट रूट दिलं. कोडमध्ये आणखी चार ठिकाणी तोच फॉरमॅट सापडला, लॉगच्या फायलींच्या नावातसुद्धा. म्हणून साताऱ्याच्या लॉगा आमच्या स्क्रिप्टला सापडत नव्हत्या, ते वेगळं प्रकरण म्हणून उघडून ठेवलं होतं.

काकांची मराठी तशीच ठेवलीय. सर्व्हरवरून आत्ताच उचललेले:

एफएफ १ई ०० ०८ ५३ ४१ ५४ ३० ३० ३० ३० ३९